बिनआवाजाची गाडी

डॉक्टरांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. मी कॉलेजात गेलो तरी लिहिण्याशी संबंध परीक्षेपुरताच. पण डॉक्टर म्हणाले, आजाराची माहिती पुस्तकात मिळते, ती तू लिहू नकोस. पलंगावरून काय दिसलं ते लिही. पलंगावरून मला मुख्यतः एक टीव्ही दिसत होता. त्यामुळे या लिखाणात टीव्ही बराच येईल. त्याला माझा इलाज नाही, महिनाभर मला मान वळवता येत नव्हती.

यात एक गोष्ट अशी आहे की तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही. ती गाळावी असं बरेच दिवस वाटत होतं. मग मनात आलं, आज जे असे पडून आहेत त्यांनाही असं काही दिसत असेल आणि ते कुणाला सांगत नसतील. म्हणून तीही लिहितो.

* * *

आमचं गाव श्रीरामपूरजवळ. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, श्रीरामपूरच्या एका गॅरेजात डेंटिंगचं काम करतात. ठोकर खाल्लेली जीप आली की चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, सडलेला कापून नवा जोडायचा. वायरिंगवाला सुट्टीवर असला की तेही काम त्यांच्याकडे येतं. आई शेतात मजुरीला जाते. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं होतं. त्याआधी चार दिवस मला जुलाब झाले होते, ते थांबले होते. प्रयोगशाळेचा जिना चढताना मागून एकजण म्हणाला, चप्पल राहिली की रे. वळून पाहिलं तर माझी डावी चप्पल चार पायऱ्या खाली पडलेली. पायातून ती कधी निसटली ते मला कळलंच नव्हतं. मी हसलो. खाली उतरून चप्पल घातली आणि ती घातली आहे की नाही हे वाकून पुन्हा पाहिलं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पायाचा भरवसा वाटेना, तो पहिला क्षण.

दुसऱ्या दिवशी उकिडवं बसल्यावर उठता येईना. तिसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लागेनात. शेजारपाजारचे जमले. अंगावरून वारं गेलं, असं सगळ्यांचं मत पडलं. चुलत्यांनी एका गावचा माणूस सांगितला, तो कबुतराचं रक्त चोळून वारं उतरवतो म्हणे. तात्यांनी ऐकून घेतलं आणि ते तडक गॅरेजात गेले. तासाभरात ते एक जीप घेऊन आले. तिची दारं रंगवायला काढलेली होती. त्या बिनदाराच्या जीपमधून मला नगरच्या दवाखान्यात आणलं. मी पडू नये म्हणून आईने सगळा रस्ता मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. ते धरणं मला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

* * *

डॉक्टरांनी रबरी हातोडीने गुडघ्यावर ठोकलं. पाय उडाला नाही. पुन्हा ठोकलं, मग तिसऱ्यांदा. तात्या त्या हातोडीकडे बघत होते. हातोडीचा माणूस एकाच जागी तीनदा ठोकतो तेव्हा आतलं काहीतरी गेलेलं असतं, हे आपल्याला तिथंच कळलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? तात्यांनी सांगितलं. डॉक्टरांना बरं वाटलं असावं, कारण समजावणं सोपं झालं.

"मिस्त्री, तुमच्या भाषेत सांगतो. मेंदूपासून हातापायापर्यंत वायरिंग असतं. याची वायर शाबूत आहे, पण वरचं कव्हर निघत चाललंय. म्हणून करंट पोचत नाही."

"कुठवर निघंल?"

"आत्ता सांगता येत नाही. छातीपर्यंत गेलं तर श्वासाला अडचण होईल. मग पुण्याला न्यायचं, मशीनवर ठेवायला."

"अन् कव्हर परत चढतं?"

"चढतं. बहुतेकांचं चढतं. वेळ मात्र लागतो."

तात्यांनी मान हलवली. त्यांना नीट समजल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि मलाही त्या दिवशी तेवढाच आधार वाटला. डॉक्टर पुढे आणखी बरंच बोलले. सांधे रोज हलवत राहायचे, हातपाय एकाच जागी पडू द्यायचे नाहीत, वगैरे. त्यातलं तात्यांच्या कानात काही शिरलं नाही.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. पोट भरून श्वास घे आणि एका दमात जितके आकडे म्हणता येतील तितके म्हण. मी एकतीसपर्यंत म्हणालो. रोज सकाळी असंच म्हणायचं, ते म्हणाले. आकडा दहाच्या खाली टिकला की पुण्याची गाडी बोलवायची.

* * *

वॉर्डात आठ पलंग होते. माझा चौथा. समोरच्या भिंतीशी लोखंडी स्टँडवर टीव्ही होता. तो कुणीतरी दवाखान्याला दिलेला. स्टँडवर निळी पाटी होती आणि पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: "कै." मग मोकळी जागा. मग "यांच्या स्मरणार्थ." मधलं नाव तेवढं पुसलं गेलं होतं. वॉर्डाच्या मावशी म्हणाल्या, त्या कामाला लागल्या तेव्हाही ते असंच होतं. फडकं मारून पुसलं गेलं म्हणावं तर "कै." चांगलं ठसठशीत राहिलेलं.

टीव्हीला आवाज नव्हता. पेशंटांची भांडणं होत, म्हणून आवाजाचं बटण काढून टाकलेलं. चित्र मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. माझं डोकं उशीवर ज्या कोनात ठेवलेलं असे, त्या कोनातून मला टीव्ही, पाटी, आणि पलंगाच्या कडेवरून वर आलेली माझी दोन पावलं एवढंच दिसायचं. ती पावलं माझी आहेत हे मला माहीत होतं, पण बघून तसं वाटायचं नाही. कुणीतरी आणून ठेवल्यासारखी ती दिसत.

आकडा रोज खाली येत होता. सव्वीस. एकवीस. सतरा. तोंडाची एक बाजू ढिली पडली आणि बोलणं बोबडं झालं. डॉक्टर म्हणाले, कमी बोल, दम राखून ठेव.

* * *

आता जे लिहितो ते लिहिताना जड जातं.

दवाखान्यात आल्यावर दुसऱ्याच दिवशी आईने माझ्या पोटरीवर हात ठेवला आणि मी ओरडलो. या आजारात कातडी अशी होते, नुसतं फडकं लागलं तरी आग होते. तात्या दारात होते. त्यांनी आईला बाहेर बोलावून घेतलं. ती परत आली ती पदराखाली हात धरून. त्यानंतर घरातल्या कुणी मला हात लावला नाही, सिस्टर इंजेक्शनपुरता लावत तेवढाच.

मला कुशीवर करायचं असलं तर तात्या अंगाखालची चादर दोन्ही टोकांनी धरून ओढायचे. मी चादरीबरोबर वळायचो. पाय सरळ करायचा असला तर टॉवेल अडकवून उचलायचे. बहीण भेटायला आली, ती पलंगापासून दोन हात लांब उभी राहिली आणि रडून गेली. आई पेज लांब दांड्याच्या चमच्याने भरवायची. पाणी पाजताना फुलपात्र ओठांना टेकवायची नाही, वरून धार सोडायची.

त्या वरून येणाऱ्या पाण्याचं काय सांगू. माझे आजोबा लहानपणी पाणवठ्यावर ओंजळ धरून उभे राहत आणि कुणीतरी वरून पाणी ओतत असे. ओतणाऱ्याचा हात लागू नये म्हणून. ते दिवस गेले, आम्ही बौद्ध झालो, पण आजोबांनी ती ओंजळ करून दाखवलेली आम्हा सगळ्या भावंडांना आठवते. आमच्या घरात कुणापासून अंग चोरून बसलेलं चालत नाही. पाहुण्याला पाणी दिलं तर हाताला हात लावून द्यायचं, असा तात्यांचा नियम. आणि तेच तात्या मला चादरीने वळवत होते.

विचारायला दम नव्हता. मी पडल्या पडल्या कारणं शोधत होतो. हा आजार लागणारा असेल. किंवा मला काही सांगत नाहीत, पण मी जाणार हे ठरलेलं असेल. आणि एका दुपारी, ताप होता बहुतेक, मला असंही वाटलं की मी गेलो आहे आणि ते मला सांगायचं राहून गेलंय. माणूस गेल्यावरही बाकीचे काही दिवस पलंगाभोवती वावरतात, त्यातलं हे असेल.

* * *

रोज दुपारी चार वाजता टीव्हीवर एक परदेशी कार्यक्रम लागे. एक मोठी शेड. त्यात चार-पाच जण आणि एक जुनी, गंजलेली, लांबलचक मोटार. ती मोटार खोलायची, कापायची आणि मालकाच्या मनाजोगती वेगळीच गाडी तयार करायची, एवढंच त्यात होतं. पहिल्या दिवशी मालक येऊन गाडी सोपवून गेला. रोज थोडं थोडं काम पुढे सरके. माणसं एकमेकांवर खेकसायची, हत्यार फेकायची, डोकं धरून बसायची. आवाज नसल्याने त्यांचं भांडण पाण्याखाली चालल्यासारखं दिसायचं.

तात्या सुरुवातीला टीव्हीकडे पाठ करून बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल वळवलं.

"हे नट न्हाईत," ते म्हणाले. "नखं बघ त्येंची."

खरंच, नखं तात्यांसारखीच काळी होती. असली कामं टीव्हीवर दाखवतात याचंच त्यांना नवल वाटलं. मग ते रोज चारला बसू लागले. मधूनच पुटपुटत. हा छपराचा खांब आत्ता कापायचा नव्हता, आधी आधार द्यायचा होता. एवढं मोठं गॅरेज अन् एक हातोडी जागेवर न्हाई. पाच नंबरच्या पलंगावरचे आजोबा वैतागून म्हणाले, "मिस्त्री, तुमी तर हितं बी ड्युटीवरच. रजा टाकली म्हनं न्हवं?"

"पोरगं बघतंय म्हनून बसलो," तात्या म्हणाले.

मी काय बघत होतो ते त्यांना माहीत नव्हतं. मी हात बघत होतो. ती माणसं गाडीला सारखी हात लावत होती. कापण्याआधी तळवा फिरवत, ठोकल्यावर फिरवत, नुसतं उभं राहून बोलतानाही छपरावर हात टाकून उभी राहत. सबंध वॉर्डात चार ते पाच या वेळात कुणीतरी कुणाला हात लावतंय असं एवढंच दिसायचं. मला त्या गाडीचा हेवा वाटायचा. सांगायला लाज वाटते, पण वाटायचा.

आणि एक सवय लागली. गाडी पुरी होईपर्यंत मी राहीन, असं मी मनाशी धरलं. एकीकडे चाकं निघाली, दारं निघाली, गाडी ठोकळ्यांवर चढली. दुसरीकडे माझा आकडा चौदा, बारा, अकरा.

* * *

आकडा नऊ आला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी परत बघू, नऊच राहिला तर हलवायचं. तात्या पुण्याच्या गाडीची चौकशी करायला गेले. आई कपडे धुवायला मागच्या नळावर. पाच नंबरचे आजोबा घरी गेले होते, तो पलंग रिकामा होता.

चारचा कार्यक्रम चालू होता. ठोकळ्यांवर गाडीचा नुसता सांगाडा उभा. तेवढ्यात वीज गेली.

वीज गेली की टीव्हीची काच काळी व्हायची आणि खिडकीच्या उजेडात तिच्यात वॉर्ड दिसायचा. मला स्वतःला बघायचा तेवढाच मार्ग होता. काचेत, जिथे आत्ता गाडी उभी होती बरोबर तिथेच, माझा पलंग दिसला. चादरीखाली मी. पलंगाच्या पायथ्याशी रिकामं स्टूल.

आणि स्टुलाजवळ एकजण उभा होता. बारीक, उंचसा, एका अंगाला कललेला. एका हातात काठी. शर्टाची एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली, दुसरी तशीच खाली. त्याचा मोकळा हात माझ्या पावलावर होता.

मला तो हात लागत होता. कोमट तळवा, आणि आग अजिबात नाही. किती दिवसांनी कुणाचा तरी हात लागत होता. मी डोळे खाली करून पावलांकडे बघायला हवं होतं, तेवढं मला जमलं असतं. पण मी बघितलं नाही. पावलांवर काहीच दिसलं नाही तर, अशी भीती वाटली. मी काचेतच बघत राहिलो. तोही माझ्याकडे बघत नव्हता, काचेत बघत होता.

वीज आली. काच उजळली आणि पलंगाच्या जागी गाडीचा सांगाडा उभा राहिला.

तात्या आल्यावर मी कसंबसं विचारलं, कोण आलतं? ते म्हणाले, कुणी न्हाई. मावशी दाराशीच भाज्या निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, माझ्या अंगावरून कुणी आत गेलं नाही. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे. श्वास कमी पडला की मेंदूला असे भास होतात, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं आणि मला ते पटलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा नऊच होता. मग दुपारी पुन्हा मोजायचं ठरलं. तेव्हाही नऊ. डॉक्टर म्हणाले, घसरत नाही हेही काही कमी नाही, संध्याकाळपर्यंत थांबू.

* * *

त्याच दुपारी वायरिंगचा भाग लागला.

सांगाड्यातून एका माणसाने जुनं सगळं वायरिंग ओढून काढलं आणि फरशीवर पसरलं. मधे वायरींची जाड जुडी, तिला दोन्हीकडे बारीक फाटे. हातपाय पसरून माणूस झोपल्यासारखं ते दिसत होतं. तात्या स्टुलावरून उठले आणि टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. तो माणूस मांडी घालून बसला आणि एकेका वायरीचं कुजलेलं कव्हर सोलून काढू लागला. तांबं उघडं पडत होतं. उघडी तार तो बोटांमधून ओढत होता, सावकाश, कुठे तुटली आहे का ते बघत. मग नवं कव्हर चढवत होता. तात्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकदा वळून माझ्याकडे.

मग ते पलंगाशी आले. त्यांचा हात माझ्या पायाच्या वर आला, तिथेच थांबला आणि मागे गेला.

मी ते पाहिलं. मला एकदम कळलं की यांना हात लावायचा आहे आणि लावता येत नाही. संध्याकाळी मोजायचा दम मी राखून ठेवला होता. तो सगळा काढला आणि विचारलं,

"तात्या, मला शिवत का न्हाई?"

एवढ्याने मला धाप लागली. तात्यांनी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती.

"जळशील म्हनून," तात्या म्हणाले.

मग ते बोलायला लागले आणि थांबेनात. वरचं कव्हर गेलेली वायर पत्र्याला टेकली की शॉर्ट होतं. एका जागी टेकली तरी सगळं वायरिंग जळत जातं. त्यांच्या डोळ्यादेखत एक जीप तशी जळाली होती. डॉक्टरांनी सांगितलं कव्हर गेलंय, करंट हाय. आपल्या अंगात बी करंट हायच की. आईनं हात लावला तर तू वरडलास. मला वाटलं, झालं, टेकलं. आता सगळं जळंल. तुला सांगितलं आस्तं तर तू भ्याला आस्तास.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी माझं मनगट वाकवून पाहिलं, ते आखडलेलं होतं. सांधे हलवायला सांगितलं होतं ना, असं त्यांनी थोडं रागानेच विचारलं. आईने सगळं सांगितलं. डॉक्टर स्टूल ओढून तात्यांसमोर बसले.

"मिस्त्री, चूक माझी आहे. मी उदाहरण दिलं आणि अर्ध्यावर सोडलं. हात लावला तर तो ओरडेल. पण तुमच्या हाताने काही जळणार नाही."

"नक्की?"

"नक्की. उलट लावायलाच पाहिजे."

तात्या बाहेर गेले. नळावर साबणाने हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

* * *

तात्यांचा हात पावलावर पडला तेव्हा आग झाली. मी ओरडलो. त्यांनी हात काढला नाही. आई तोंडात पदर धरून रडत होती आणि तिने माझं डोकं दोन्ही हातांत घेतलं होतं. त्या संध्याकाळी पुन्हा मोजलं. आकडा नऊच आला, पण मी दहाचा "द" म्हटल्याचं तात्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरांनी तो धरला. पुण्याची गाडी बोलावली नाही.

डेंटिंग करणारा माणूस पत्रा डोळ्यांनी बघत नाही. डोळे मिटून तळवा फिरवतो, आणि दिसत नाही तो खड्डा हाताला कळतो. तात्या रोज तसे माझ्या पायांवरून तळवा फिरवायला लागले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, डोळे मिटून. त्यांचा हात खरखरीत, आणि माझी कातडी आग होणारी. पण मी सवय केली. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांचा हात नडगीच्या बाजूला थांबला.

"हितं काय तरी हाय," ते म्हणाले. "परत कर."

मी काय केलं होतं मला माहीत नव्हतं. मी पाय हलवायचा विचार केला एवढंच. बाहेरून काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी हात लावून पाहिला, त्यांना काही लागलं नाही. तात्या म्हणाले, हाय साहेब, आत फडफडतंय. दोन दिवसांनी अंगठा हलला, तेव्हा तो सगळ्यांना दिसला.

त्याच सुमारास कार्यक्रमाचा शेवटचा भाग होता. तयार गाडीवर मोठं कापड टाकलेलं. मालकाला डोळे झाकून आणलं. सगळे बाजूला उभे राहिले. तात्यांचा हात माझ्या पायावर होता आणि आम्ही दोघं काचेकडे बघत होतो. पडद्यावरच्या दोघांनी कापडाची टोकं धरली, आणि वीज गेली.

दोन तासांनी आली, तेव्हा दुसरंच काहीतरी चालू होतं. ती गाडी शेवटी कशी झाली ते आम्हाला कधीच कळलं नाही. मला फार चुटपुट लागली.

"जाऊ दे," तात्या म्हणाले. "झाली आसंल."

* * *

पुढचं थोडक्यात सांगतो. दोन महिन्यांनी घरी आलो. आधी बसायला शिकलो, मग उभं राहायला. कॉलेजचं एक वर्ष गेलं. चिडचिड खूप झाली, आईवर मी दोनदा ताट ढकललं, त्याची लाज आजही वाटते. डावा पाय अजून ओढत चालावा लागतो म्हणून काठी आहे. हातांची बोटं नीट वळत नाहीत. कुणाला हा आजार झाला असेल तर मी एवढंच सांगू शकतो की तो उतरतो, पण चढला त्यापेक्षा कितीतरी हळू उतरतो. आणि घरच्यांनी डॉक्टरांना पुन्हा विचारावं, समजलं असं वाटलं तरी विचारावं. तात्यांना सगळ्यात नीट समजलं होतं.

आठ महिन्यांनी तपासणीला नगरला गेलो. डॉक्टर म्हणाले, तुझ्याच पलंगावर कर्जतकडचा एकजण आहे, तुझाच आजार. त्याची बायको त्याला हात लावायला घाबरते. मी सांगून दमलो. तू सांगून बघ.

मी वॉर्डात गेलो. चारचा सुमार होता, वीज नव्हती. चौथ्या पलंगावर एक माणूस चादरीखाली पडला होता, नुसते डोळे उघडे. त्याची बायको खिडकीशी उभी होती, भिंतीला टेकून, पदराखाली हात धरून. मी तिला नमस्कार केला. तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवावं म्हणून मी पलंगाच्या पायथ्याशी गेलो. स्टूल रिकामं होतं, त्याच्या बाजूला काठीवर भार देऊन उभा राहिलो आणि मोकळा हात त्याच्या पावलावर ठेवला. त्याला दुखेल म्हणून हलकेच ठेवला. तो ओरडला नाही.

मग मी मान वर केली. समोर टीव्हीची काळी काच होती. खाली पाटीवर "कै.", मोकळी जागा, "यांच्या स्मरणार्थ". काचेत पलंग होता, चादरीखाली माणूस, रिकामं स्टूल. आणि काठी धरून एका अंगाला कललेला एकजण. त्याच्या शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच खाली. सकाळी निघताना मला एकाच हाताची बाही दुमडता आली होती, दुसरी दुमडायला बोटांत जोर नव्हता.

मला ते चित्र पाठ होतं. मी हललो नाही. आपण पलंगाच्या कुठल्या टोकाला आहोत, उभे की आडवे, हे त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. माझ्या हाताखालचं पाऊल कोमट होतं.

पलंगावरचा माणूस माझ्याकडे बघत नव्हता, काचेत बघत होता. त्याचे ओठ हलले. त्याने दम गोळा करून विचारलं,

"कोन हाय?"

"मी हितंच हुतो," मी म्हणालो. "ह्याच पलंगावर."

त्याला ते कळलं का माहीत नाही. त्याने डोळे मिटून पुन्हा उघडले. खिडकीशी उभी असलेली त्याची बायको दोन पावलं पुढे आली. तिने मला हळूच विचारलं, हात लावला तर चालतं का. चालतं म्हणालो. तो ओरडला तरी हात काढू नका म्हणालो.

तिने पदर कमरेला खोचला. मी पावलावरचा हात उचलला आणि काठी टेकत बाजूला झालो. आता काचेत ती होती.